कुणाकडून आलात?

विधी महाविद्यालयात दरवर्षी करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम व्हायचा आणि सूत्रसंचालन दरवर्षी करारकायदा शिकवणाऱ्या सरांकडेच यायचं. त्यांच्या हातून कार्यक्रमाला कधी गालबोट लागलं नव्हतं. युक्ती साधी होती. मुलांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि सरांनी ते चाळायचे. गोड प्रश्न मंचावर, कडू प्रश्न कोटाच्या डाव्या खिशात!

यंदाही त्याच नामांकित वकीलबाई पाहुण्या होत्या. "ओळखबिळख काही लागत नाही, मुलांनो! मेहनत हवी. माझ्या ऑफिसचं दार तुमच्यासाठी सदैव उघडं आहे." दरवर्षीचंच वाक्य, दरवर्षीचेच हातवारे, दरवर्षीच्याच टाळ्या. ते ऑफिस मुळात बाईंच्या सासऱ्यांचं, हे सरांना ठाऊक होतं. पण उगाच वाईटपणा कोण घेणार?

चहाच्या सुट्टीत सर चिठ्ठ्या निवडत बसले. एक चिठ्ठी त्यांनी वाचली, कपाळाला आठ्या घातल्या आणि खिशात टाकली. शेजारी चहा घेणाऱ्या ग्रंथपालबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"सर, ती का लपवलीत?"

"तक्रार आहे हो. कार्यक्रमाचा विचका होईल."

"कार्यक्रम मुलांसाठी आहे ना? की पाहुण्यांच्या कौतुकासाठी?"

"बाई, असं केलं तर पुढच्या वर्षी कुणी येणार नाही."

"नाही आले तर नाही! वर्गात तुम्हीच शिकवता ना, शब्द दिला की पाळावा लागतो? मग मंचावर दिलेला शब्द काय नुसता टाळ्यांपुरता?"

हे मात्र सरांच्या वर्मी लागलं. दुसरं सत्र सुरू होताच त्यांनी खिशातली चिठ्ठी काढली आणि मोठ्याने वाचली.

"'मॅडम, दोन वर्षांपूर्वी दार उघडं आहे म्हणालात, म्हणून मी चार वेळा आले. चारही वेळा तुमच्या कारकुनाने विचारलं, कुणाकडून आलात? मी म्हटलं, कुणाकडूनच नाही. त्याने बाहेरूनच परत पाठवलं. मी कुणाकडून यायला हवं होतं?'"

सगळ्यांच्या नजरा वकीलबाईंकडे वळल्या.

"अगं, मग माझं नाव सांगायचं ना त्याला," वकीलबाई हसून म्हणाल्या. कुणीच हसलं नाही. "कोण आहे ती? उभी राहा बघू. उद्याच ये."

कुणी उभं राहिलं नाही.

"ती कॉलेज सोडून गेली," मागून ग्रंथपालबाई म्हणाल्या. "सकाळी सगळी पुस्तकं परत केली, माझ्याच टेबलावर ही चिठ्ठी लिहून माझ्या हाती दिली. कापडाच्या दुकानात नोकरी धरलीय. हाच प्रश्न गेल्या वर्षीही दिला होता म्हणाली."

सरांनी आठवून पाहिलं. कोट तोच होता, खिसाही तोच. चिठ्ठी मात्र काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी ते त्या दुकानात गेले. मुलगी तागे रचत होती.

"कुणाकडून आलात, सर?" तिने मान वर न करता विचारलं.

"कुणाकडून नाही. माझं चुकलं, हे सांगायला आलो. परत ये, बाळा."

"दोन वर्षं मी विचारत होते, सर. आता विचारायचंच सोडलंय." आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

तेव्हापासून महाविद्यालयात चिठ्ठ्या बंद झाल्या. मुलं उभी राहून थेट विचारतात. पाहुणे कमी येतात, पण जे येतात ते जपून बोलतात. ती मुलगी काही परत आली नाही.

वाचकहो, त्या कारकुनाला नावं ठेवणं सोपं आहे. पण अडचणीचा प्रश्न मुकाट्याने खिशात घालणारा प्रत्येक जण त्याच दारावरचा कारकून असतो. आज घरी गेल्यावर आपापले खिसे एकदा तपासा!