दोन बोटं लाकूड

"करवत खाली ठेव, वयनी!"

हनुमंत ओरडला, पण कल्याणीने मांडीखालचा लाकडी दस्ता सोडला नाही. रायफलची नळी तिने सोडवून पोत्यावर ठेवली होती. दस्ता तिच्या नवऱ्याचा, रत्नदीपचा. त्याच्या लांब हातांना बेतून घेतलेला. तो गेल्यावर पॉइंट टू-टूचं लायसन आपल्या नावावर करून घ्यायला तिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. जिल्ह्याची नेमबाजीची स्पर्धा आता पंधरवड्यावर आली होती.

"दादाची येवढीच खूण राह्यली घरात. तिलाबी कापतीस?"

"भिंतीला टांगायला नव्हती घेतली त्यांनी."

"मग क्लबातला घे की दुसरा."

"समदे लावून बघितले, भावजी. येकबी बसत न्हाई."

खरंच बसत नव्हता. मंचरच्या नेमबाजी क्लबातल्या एका दस्त्याची मूठ इतकी जाड, की चापावर बोट तिरकं पडे. दुसऱ्यावर गाल टेकला की डोळा खाली राही, मान उचलावी लागे. नव्याकोऱ्या तिसऱ्याचं सगळे कौतुक करत, पण त्याचं वजन पुढे झुके आणि डावा हात थरथरे. रत्नदीपच्या दस्त्यावर गाल आपसूक जागेवर बसे, मूठही हातात नीट मावे. अडचण लांबीची होती. बूड कोपराच्या बेचक्यात टेकवलं की बोटाचं पेर चापावर यायला हवं. तिचं दोन बोटं मागे राही. खांदा ताणून ताणून नेम धरायचा, आणि थोड्याच गोळ्यांत तो भरून यायचा.

"बाईमाणसानं बंदूक घिऊन हिंडायचं! पिंपळवंडीत लोक काय बोलत्यात, ठावं हाय?"

"लोकांना चाप वढायचा न्हाई. मला वढायचाय."

उंबऱ्यावर सासू, बनाबाई, सुपात पावटे सोलत होती. मुलगा गेल्यापासून ती सुनेशी कामापुरतंच बोले, तेही भांडी आपटत.

"आये, सांग की हिला!" हनुमंत म्हणाला.

"तिला कापायचं तर कापंल," बनाबाई मान वर न करता म्हणाली. "मला इचारून कुणी काय केलंय हितं?"

कल्याणीने करवत ओढली. वरून काळपट पडलेलं लाकूड आतून पिवळंधमक निघालं. तुकडा खाली पडला. तिने बुडाचं रबर पुन्हा बसवलं, नळी जोडली, रिकामी रायफल खांद्याला लावली. डोळे मिटून गाल टेकवला आणि उघडले. नजर थेट नेमाच्या छिद्रातून पार गेली. काहीच ताणावं लागलं नाही. आज पहिल्यांदा रायफल तिची झाली, आणि त्याची राहिली नाही.

हनुमंतने तुकडा उचलला. "आता कशाला ठिवायचा? जळणच झालं ह्याचं!" म्हणत त्याने तो न्हाणीतल्या पेटत्या बंबात टाकला.

पावट्यांचं सूप उधळलं. बनाबाई धावली, उघड्या हाताने तुकडा बाहेर ओढला आणि हातासकट बादलीत बुडवला. चर्रकन आवाज झाला.

"आये, हात—"

"चालता हो."

हनुमंत गेला. कल्याणी पुढे झाली, तशी बनाबाईने तिच्याकडे पाठ फिरवली.

"तू काय बघती उभी राहून? जा. मंचरची यस्टी चुकंल."

कल्याणीने रायफल खोळीत घातली. "येते, आत्याबाई."

बनाबाईचा हात पाण्यातच होता, मूठ तुकड्याभोवती घट्ट मिटलेली.