नऊ मिलिमीटर

मोहरीचा दाणा एफच्या चौकोनावर अजून घट्ट होता. प्रसेनजीतनं पुठ्ठ्यावरच्या त्या दाण्यावर डावी तर्जनी टेकवली, उचलली, मग शेजारी ठेवलेल्या खऱ्या कीबोर्डच्या एफवर टेकवली. तिथला प्लॅस्टिकचा उंचवटा बोटाला तसाच लागला, तेवढाच, आणि क्षणभर त्याला बरं वाटलं. पण करंगळी... करंगळी पुठ्ठ्यावर ए या अक्षरावर बरोबर पडायची, ती इथे ए आणि कॅप्स लॉकच्या मधल्या फटीत घसरली. त्यानं हात झटकून पुन्हा ठेवला. पुन्हा फटीत.

मग त्यानं कॉलेजातली स्टीलची पट्टी काढली. खऱ्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत एकोणीस मिलिमीटर. पुठ्ठ्यावर बावीस. एफपासून करंगळीपर्यंत तीन बटणं, म्हणजे नऊ मिलिमीटर — जवळजवळ अर्धं बटण.

विहारामागच्या या खोलीत सकाळची उन्हं खिडकीच्या गजांतून अकरा पुठ्ठ्यांच्या थप्पीवर पडली होती. शहरातल्या एका संस्थेनं जुना म्हणून दिलेला एकच संगणक. तोही उन्हाळ्यात व्होल्टेज चढून जळाला, दुरुस्तीला गेला आणि काल त्यातला नुसता कीबोर्ड साखरेच्या पोत्यात गुंडाळून परत आला. बाकीचं काही उरलं नाही, असा निरोप. आठ महिने पोरं पुठ्ठ्यावरच बोटं बडवत होती. संगणक जळण्याआधी, अकरा पोरांना एक पुरेना म्हणून, हाच कीबोर्ड काखोटीला मारून तो बसनं कोल्हापूरला गेला होता, काचेवर अर्धा-अर्धा ठेवून झेरॉक्स काढायला, आणि दुकानदार म्हणाला होता, "जरा मोठं करून देतो की पावणं. पोरांस्नी लांबनं दिसंल." तो खूश झाला होता. खळ लावून पुठ्ठ्यांवर कागद चिकटवले, आणि एफ-जेवर मोहरी — ही युक्ती आपलीच, हे कुणाकुणाला सांगितलं नाही मी... आणि मोजलं नाही. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसानं मोजलं नाही.

उपकरणच चुकीचं असेल तर शंभर वेळा नोंद घेतली तरी चूक जात नाही, हे त्यानं प्रॅक्टिकलच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. आणि मंगळवारी साक्षी शहरातल्या सेंटरवर अर्धा तास बसून आली, म्हणाली, मधनंच सगळी अक्षरं आपोआप मोठी व्हायला लागली, दादा — तेव्हा, करंगळी कॅप्स लॉकवर जातेय हे न ओळखता, त्यानं काय सांगितलं होतं? सराव वाढव. चार दिवस तिनं वाढवला. रोज दोन तास, पुठ्ठ्यावर.

आज तिची परीक्षा होती. दूध संस्थेच्या कार्यालयात एक जागा, मिनिटाला तीस शब्द.

"जय भीम, मास्तर," दारातून सोनूबाईचा आवाज आला. साक्षीची आई खुरपं कमरेला खोचूनच आली होती. लेकीला बसमध्ये बसवून तिला शेतावर जायचं होतं. "हिला काय ते शेवटचं सांगा. न्हाय झालं तर सोमवारपासनं माझ्यासंगट पातीला लावतो हिला. दुसरं खुरपं हाय घरात."

"आई, गप की," साक्षी म्हणाली. तिची नजर कीबोर्डवर गेली होती. "आला व्हय ह्यो?"

सांगू नये, असं त्याला वाटलं. आता बोटांना शंका शिकवली तर जी येतात ती अक्षरंही जातील. आणि न सांगितलं तर... तिचं डोकं खाली होतं, ती आपल्याच करंगळीकडे बघत होती, एखाद्या खोडकर पोराकडे बघावं तशी.

"साक्षी, पुठ्ठा मोठा आहे. खऱ्यापेक्षा. माझ्याकडून झालं ते."

"किती मोठा?"

त्यानं पट्टी धरून दाखवलं. ती बघत राहिली.

"एवढंच?" ती हळू म्हणाली. "मला वाटलं, माझीच बोटं आडमुठी. काल हिला दोरा गुंडाळून बसलो हुतो मी." करंगळीच्या पेरावर लाल वळ होता.

त्यानं कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला. ती मांडी घालून बसली, हात आखडून घेतला, आणि कशालाच न जोडलेल्या त्या कीबोर्डवर टाइप करू लागली. बस यायला दहा मिनिटं होती.

"ह्यो वाजतोय की," सोनूबाई म्हणाली. "पुठ्ठा मुकाच हुता."

टकटक भरभर होत गेली, अडखळली, पुन्हा लागली. साक्षीनं मान वर केली. "दादा, बरोबर पडतंय का?"

तो तिच्या करंगळीकडे बघत होता. इतक्या वेगात दिसत नव्हतं. समोर पडदा नव्हता, अक्षरं कुठेच उमटत नव्हती.

"मला कळत नाही," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं या खोलीत कधी उच्चारलं नव्हतं.

साक्षीनं मान डोलावली, चपला घातल्या. रस्त्यावरून सोनूबाई काहीतरी बोलत राहिली, मग बसचा आवाज आला आणि गेला.

संध्याकाळी अकरा पोरं येणार होती. त्यानं ब्लेड घेतलं, वरच्या पुठ्ठ्यावरची मोहरी खरवडायला, आणि थांबला. शहर इथून बारा-तेरा किलोमीटर — हे अंतर कुणी ठेवलं याचा हिशेब तो आजवर इतरांकडे बोट दाखवून मांडत आला होता. त्यातले नऊ मिलिमीटर आपले. त्यानं अंग सैल सोडलं, भिंतीला टेकला. खूप दमला होता तो. कानात ती टकटक अजून चालू होती, आणि तो त्यातून करंगळीचा आवाज वेगळा काढायचा प्रयत्न करत होता... पहिला, दुसरा... पुन्हा पहिल्यापासून.