चार बोटं उंच

धाकटीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. पाहुण्यांनी बसून बसून सोफ्याचा पार खड्डा करून टाकला. म्हातारी म्हणाली, “काढून टाका हे धूड. नवा घेऊ.”

“लाकूड पक्कं आहे. नुसतं कापड बदलू,” म्हातारा म्हणाला.

सोफे दुरुस्त करणारा आला. बैठक दाबून म्हणाला, “आजोबा, आतला फोमही बदलतो. चार बोटं उंच होईल.”

“उंच नको! आहे तेवढीच ठेव.”

“का म्हणून?” म्हातारी कडाडली. “इथून उठताना जीव जातो माझा. रोज तुमचा हात धरावा लागतो!”

म्हाताऱ्याला नेमकं तेच हवं होतं. एवढ्या संसारात तिने आपणहून त्याचा हात धरला, तो या खड्ड्यामुळेच. पण गुडघे तिचे होते.

“कर बाबा उंच,” तो म्हणाला.

नव्या बैठकीवरून संध्याकाळी म्हातारी एकटीच झटकन उठली. म्हाताऱ्याचं उतरलेलं तोंड तिने पाहिलं आणि पुन्हा खाली बसली.

“बघत काय बसलात? हात द्या की!”

धाकटीला मुलगा झाला, त्या वर्षीच्या थंडीत म्हातारा वारला. तोवर तो रोज हात देत होता.