काकूंची लाल भिंत

दुसरा हात मारून झाला, तसा काकूंनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि मागे सरून पॅसेज डोळे भरून पाहिला. भिंत इतकी झकास गडद लाल झाली होती, की उरलेला रंग वाया घालवणं त्यांच्या जिवावर आलं. मग त्यांनी बाथरूमचं दार आणि चौकटही रंगवून टाकली. मॅचिंग हा काकूंचा जुना आजार. पडदे, अभ्रे, पायपुसणी एका रंगात असली, की त्यांना गाढ झोप लागायची. आजवर त्यांच्या घरात भिंती, दारं, दिव्यांची बटणंसुद्धा सायीच्या रंगाची होती, आणि पाहुण्यांनी नावाजलं की त्या फुलून जायच्या.

लाल रंगाची कल्पना मुलीची. जन्मभर बस चालवलेल्या काकांची नजर हळूहळू विझत चालली होती. महिन्यापूर्वी दार समजून ते भिंतीवर आदळले आणि धसकाच घेतला. तेव्हापासून जी खुर्ची धरली ती धरली. आंघोळीलाही काकू नेतील तेव्हा जायचं, नि तिथंही त्या सोबत. रंगांतला ठळक फरक त्यांना अजून दिसतो, भिंत गडद करून बघा, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी मुलीला सांगितलं होतं. काकांनी ऐकून नाक मुरडलं.

"लाल दिसलं की थांबायची सवय आहे मला. आत कसा जाणार?"

रंग वाळल्यावर मात्र ते काठी टेकत पॅसेजच्या तोंडाशी आले. बराच वेळ उभे राहिले. मग पुढे केलेला हात भिंतीवरच पडला.

"राहू दे," ते म्हणाले. "तूच ने मला."

काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं. संध्याकाळी मुलगी आली, तिनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आई, दार कशाला रंगवलंस?"

"मॅचिंग," काकू म्हणाल्या आणि बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं. लाल असो की सायीचा, एकाच रंगात त्यांनी स्वतःच्या हातानं नवऱ्यापासून दार लपवलं होतं. आपलं टापटिपीचं कौतुक त्यांना भारी पडलं. त्या स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडल्या.

सकाळी पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आला. लाल रंग चिवट, वर गुलाबी झाक मारत राहिला. काकूही इरेला पेटल्या आणि दार दुधासारखं होईपर्यंत हात मारत राहिल्या. काकांना त्यांनी चकार शब्दानं सांगितलं नाही. पुन्हा फजिती झाली असती तर त्या माणसानं खुर्ची कधीच सोडली नसती.

पेंट वाळल्यानंतरची गोष्ट. काकू भाजी निवडत असताना खुर्ची करकरली. हात पुसत त्या धावल्या, पण काका पॅसेजमध्ये शिरलेसुद्धा होते. भिंतीला हात न लावता ते सरळ चालत गेले आणि त्यांनी दाराची मूठ धरली. काकूंनी सवयीनं त्यांचा दंड पकडला. काकांनी तो अलगद सोडवून घेतला, आत गेले आणि दार लावलं.

आतून कडी सरकल्याचा आवाज आला. महिनाभरात पहिल्यांदाच.

काकू दाराला कान लावून उभ्या राहिल्या. नळ सुरू झाला, मग बंद झाला.

"उभी आहेस ना बाहेर?" आतून काका म्हणाले. "जा बघू. निवांत आंघोळ करू दे मला."