टोपीवाली उतरंड

घर्र... घर्र... घुर्रर्र.

गाडीच्या पोटातला पाण्याचा पंप खोकला आणि वाळवंटातली पहाटेची जाडजूड शांतता तडकली. टेसानं डोळे न उघडताच ओळखलं, नळ बाबांनी सोडलाय. तिच्या लेकीनं, हॅटीनं सोडला तर पंप नुसता शिंकतो, कारण दात घासायला हॅटीला थेंबभर पाणी पुरतं. बाबा कॉफीचं भांडं काठोकाठ भरणार, मग ते सांडणार, मग पुन्हा भरणार. तेवढ्यात पंप तान्ह्या ओटिसला उठवणार. उठवलंच. टेसाच्या कुशीतून आधी एक गुबगुबीत पाय बाहेर आला, मग जांभई आणि मग 'माझं दूध कुठाय' अशा अर्थाची डरकाळी.

"बाबा, हळू ना!"

"मी हळूच सोडलाय. तुझी मावशीच घोरते त्याला मी काय करू?"

मावशी म्हणजे ही मोटारहोम, चाकांवरचं घर. गर्टीमावशी. नाव टेसाच्या आईनं ठेवलेलं, स्वतःच्या सख्ख्या मावशीवरून. दोघीही ढेरपोट्या, दोघीही चढावर धापा टाकणाऱ्या आणि रस्त्यात दिसेल त्या ठिकाणी पिण्यासाठी थांबणाऱ्या. टेसा आणि तिचा भाऊ क्लेटन या गाडीतल्या टेबलावर पत्ते खेळत मोठे झाले. आता आई नव्हती, मावशी तेवढी होती. तिची किल्ली बाटल्या उघडण्याच्या चावीबरोबर दोरीत ओवून बाबांच्या, म्हणजे वेंडेल यांच्या गळ्यात असायची. झोपतानासुद्धा.

या सहलीत त्या किल्लीचाच फैसला व्हायचा होता.

झालं असं, की वसंतात एकदा बाबा दाढीचा साबण आणायला म्हणून निघाले आणि पलीकडच्या गावात जाऊन पोचले. 'तिथला सफरचंदाचा केक चांगला असतो,' असं ते परत आल्यावर म्हणाले. केक मात्र आणला नव्हता. तेव्हापासून क्लेटनचा जीव टांगणीला. "तू आठवडाभर त्यांच्याबरोबर आहेस, नीट लक्ष ठेव," त्यानं निघताना टेसाला फोनवर बजावलं होतं. "परत आलीस की मला एका शब्दात सांग. तू नाही म्हणालीस तर किल्ली मी काढून घेतो. वाईटपणा माझ्याकडे." क्लेटनचा आवाज असा, की फोन कानाला कितीही दाबून धरा, खोलीभर ऐकू जातो. बाबा त्याच खोलीत बसले होते.

"हं, हेरबाई," आत्ता बाबा कॉफीचा मग तिच्या हातात देत म्हणाले, "बॉइसीच्या साहेबांना, तुझ्या भावाला कळवा. कॉफी केली. गॅस बंद केला. आंघोळीचं मात्र काही खरं नाही."

"शर्ट उलटा घातलाय, बाबा."

बाबांनी मान खाली घालून बटणं शोधली. "ही वाळवंटाची बाजू. चांगली बाजू आत ठेवायची, धूळ बसत नाही."

टेसाला हसू आलं. आणि लगेच हेही मनात आलं, की हे क्लेटनला सांगायचं का. हा आठवडा असाच चालला होता. प्रत्येक गोष्ट दोन्ही पारड्यांत टाकता यायची.

गाडी मागे घेणं हे बाबांच्या बाजूचं पारडं जड करणारं काम होतं, ते तर बाबांनी झोकात केलं होतं. इथे पार्कमधल्या गाड्यांच्या तळावर दिवेलागणीला कुणी नवीन आलं, की आजूबाजूचे सगळे घडीच्या खुर्च्या घेऊन, हातात थंडगार काहीतरी घेऊन बसतात आणि तो आपली गाडी मागे जागेत कशी घालतो ते बघतात. फुकटचा तमाशा. नवरा-बायको तिथे एकमेकांना काय काय बोलतात, ते ऐकायला तर लोक लांबून येतात. परवा गर्टीमावशी वळली तेव्हा शेजारचा लाल मिशीवाला खुर्ची पुढे ओढून बसला होता. टेसा मागे उभी राहून हात हलवत होती, डावीकडे, आणखी डावीकडे, थांबा! बाबांनी मावशीला पहिल्याच खेपेत जुनिपरच्या दोन झाडांच्या मधोमध अशी बसवली, की मिशीवाल्यानं निराश होऊन टाळ्या वाजवल्या.

हॅटीचं वय सहा आणि हुद्दा ज्युनियर रेंजर. आल्या दिवशी तिनं पार्कची राखण करणाऱ्या खऱ्या रेंजरसमोर उजवा हात वर करून शपथ घेतली होती, की मी या पार्कची काळजी घेईन, आणि छातीवर बिल्ला लावून घेतला होता. तेव्हापासून कुणाची धडगत नव्हती.

"आजोबा, माती!" ती आता दारातून ओरडली. इथली काळी, खरबरीत माती जिवंत असते, तिच्यात बारीक जीव वाढतात. तिच्यावर पाय द्यायचा नसतो.

बाबांनी उचललेला पाय हवेतच ठेवला. "माफ करा, रेंजरसाहेब. म्हातारा आहे, सोडून द्या."

"या वेळी सोडते," साहेब म्हणाले.

नाश्त्याचे पॅनकेक संपले तसे बाबांनी काठी उचलली. "मी जरा खडकावर चक्कर मारून येतो. तुम्ही काल गेला होतात ती वाट. जेवायला परत."

"एकटे?"

"का, सोबत कुत्रं देतेस?"

 नाही म्हणावं, तर निकाल आजच लागल्यासारखा. तिनं त्यांच्या पाठपिशवीत पाणी भरलं, दाण्याच्या लोण्याचं सँडविच टाकलं, टोपी डोक्यावर नीट बसवली. बाबा शीळ घालत निघाले. त्यांच्या छातीवर किल्ली आणि चावी एकमेकींवर आपटून किणकिणत होत्या. ते खडकाच्या वळणाआड गेले, तरी ती किणकिण थोडा वेळ ऐकू येत राहिली.

वाट अवघड नव्हती. वाट म्हणजे तरी काय, उघडा कातळच. त्याच्यावर पाऊल उमटत नाही, म्हणून पार्कची माणसं ठरावीक अंतरावर दगडांच्या लहान लहान उतरंडी रचून ठेवतात. एकीपाशी पोचलं की पुढची शोधायची आणि तिच्याकडे चालायचं.

काल टेसा मुलांना घेऊन तिथपर्यंत गेली होती. ऐन खडकावर ओटिसला भूक लागली. जुनिपरच्या सावलीत ती त्याला पाजत बसली आणि हॅटी चक्क बराच वेळ काहीच बोलली नाही. हे नवल कसलं म्हणून टेसानं मान वळवली, तर हॅटी जीभ बाहेर काढून दगडावर दगड रचत होती. सगळ्यात वर पांढऱ्या पट्ट्याचा लाल चपटा दगड, टोपीसारखा तिरका. "किती गोड!" म्हणून टेसानं मोकळ्या हातानं फोटो काढला. तेवढ्यात ओटिसनं प्यायलेलं सगळं तिच्या खांद्यावर परत केलं, आणि उतरंडीचा विषय तिथेच राहिला.

रात्री ती ओटिसला झोपवत होती तेव्हा टेबलापाशी आजोबा-नातीची काहीतरी कुजबुज चालली होती. रंगीत खडूंचा खरखराट, खुसूखुसू हसणं. "काय चाललंय?" तिनं विचारलं. "कचेरीचं काम आहे," बाबा म्हणाले. "तुला सांगण्यासारखं नाही."

ऊन डोक्यावर आलं. मावशीची सावली आक्रसून तिच्याच पोटाखाली गेली. तव्यातल्या घेवड्यावर साय धरली. बाबा आले नाहीत.

"आजोबा गप्पा मारत असतील," हॅटी म्हणाली.

"कुणाशी?"

"सरड्यांशी. ते मारतात."

टेसानं ओटिसला पाठीवर बांधलं, पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि मिशीवाल्याला सांगितलं, की आम्ही तासाभरात आलो नाही तर रेंजरना कळवा. त्यानं पाय खाली घेतले. "वेंडेल? परवा गाडी लावली तो? तो कसला हरवतोय!" म्हणाला, पण खुर्चीतून उठून उभा राहिला.

ऑक्टोबर होता म्हणून बरं, ऊन नुसतं चिमटे काढत होतं. टेसा भराभर चालत होती. पहिली उतरंड, दुसरी, तिसरी. वाटेत एका भल्या माणसाला विचारलं, तर त्याला कुणी म्हातारा भेटला नव्हता. तिच्या मनात क्लेटन त्या आवाजात बोलायला लागला होता. आता ती त्याला काय सांगणार होती? सरळ वाट, लहान पोरं चालतात ती, आणि बाबा हरवले. दाढीच्या साबणापाठोपाठ हे. एवढ्यावर निकाल लागतोच की.

जुनिपरच्या अलीकडे हॅटी एकाएकी थांबली. मघापासून ती कुणालाही मातीवरून ओरडली नव्हती, हे टेसाच्या आत्ता लक्षात आलं.

समोर वाट उजवीकडे वळत होती. डावीकडे मात्र, उघड्या खडकाच्या कडेला, कालची उतरंड उभी होती. तिरकी लाल टोपी घालून, अगदी ऐटीत. पार्कच्या उतरंडींपेक्षा देखणी. आणि तिच्या पलीकडे वाळूचा एक पट्टा होता, त्यात बुटांचे ठसे. दर डाव्या ठशाशेजारी काठीचं गोल भोक.

"आई," हॅटी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आजोबा माझ्या दगडांच्या मागे गेले."

टेसानं उतरंडीकडे पाहिलं. कालचा फोटो अजून तिच्या फोनमध्ये होता. किती गोड.

"बाबा!" तिनं हाक मारली.

"ओरडू नकोस, सरडा झोपलाय," कुठून तरी खालून आवाज आला.

पुढे कातळ एकदम संपत होता. पुरुषभर खाली खडकाचाच एक ओटा होता. त्यावर पावसाच्या पाण्याचं डबकं, आणि डबक्याकाठी बूट काढून, टोपी डोळ्यांवर ओढून बाबा बसले होते. सँडविच संपलं होतं. शर्ट अजून उलटाच होता.

"आजोबा!" हॅटीतली रेंजर जागी झाली. "पाय पाण्यात घालू नका! त्यात बारीक कोळंबी राहते!"

"नाही घातले हो, साहेब. नुसते सुकवतोय. अटक करायची तर आधी वर काढा."

"लागलं का कुठे?" टेसानं विचारलं.

"अहंकाराला. बसून घसरत खाली आलो, वर चढायला गुडघा नाही म्हणतो. अगं, ही वाटेच्या खुणा करणारी माणसं काय पिऊन येतात की काय? म्हटलं खूण आहे म्हणजे वाट असणार. पुढे बघतो तर थेट आकाश!"

टेसा ओट्याची पाहणी करत होती. डाव्या अंगाला तो हळूहळू वर चढत येऊन कातळाला मिळत होता. खाली बसलेल्या माणसाला मात्र मधल्या झुडपामुळे ते दिसत नव्हतं. ती काही सांगणार, तोच हॅटी कडेपासून दूर, पण बाबांना दिसेल अशी उभी राहिली आणि तिनं परवा आईनं केले होते तसे हात केले.

"डावीकडे... आणखी डावीकडे... झाडाला लागेल! सरळ... सरळ... आता वर... थांबा!"

बाबा काठी टेकत, झुडूप चुकवत, मावशीसारख्या धापा टाकत वर आले. पाठीवरच्या ओटिसनं आपण होऊन टाळ्या वाजवल्या.

"पहिल्याच खेपेत," बाबा म्हणाले आणि दगडावर मटकन बसले.  मग त्यांनी टोपी काढली, गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली आणि किल्ली टेसाच्या तळहातावर ठेवली. किल्ली कोमट होती.

"क्लेटनला तू सांगू नकोस. मीच सांगतो," ते म्हणाले. "पोरासोरांची वाट ही, आणि मी चुकलो. बाटल्यांची चावी तेवढी मला परत दे."

"आजोबा, नाही!" हॅटी रडकुंडीला आली. "ते दगड पार्कचे नाहीत, माझे आहेत! मी रचले! मी शपथ मोडली!" आणि तिनं छातीवरचा बिल्ला ओढून काढला आणि तोही आईच्या तळहातावर, किल्लीशेजारी ठेवला.

टेसा दोघांकडे बघत राहिली. एक चौऱ्याहत्तरचा, एक सहाची, दोघांचीही हनुवटी सारखीच थरथरत होती. असा ऐवज हातात घेऊन माणसानं करायचं तरी काय?

"आणि मी फोटो काढला," ती म्हणाली. "म्हणजे माझंही काहीतरी जप्त व्हायला पाहिजे."

"तुझं सैपाकघर जप्त," बाबा लगेच म्हणाले. "तो घेवडा मी खाणार नाही."

मग ते हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "माझ्या नातीनं मला कड्यावरून ढकललं! सहा वर्षांची आहे, आत्तापासून!" टेसानं किल्ली पुन्हा त्यांच्या गळ्यात घातली. छातीवरचं धोंड्याएवढं ओझं उतरल्यासारखं झालं तिला. खुणेमागे जाणारा माणूस हरवलेला नसतो, खूण खोटी असते. क्लेटनला ती शब्दच्या शब्द असंच सांगणार होती. बिल्ला मात्र तिनं हातात ठेवला. "हा मिळेल ती उतरंड मोडल्यावर."

बाबा पुढे निघाले. खऱ्या उतरंडीपाशी थांबून, तिला टोपी काढून सलाम करून ते उजवीकडे वळले. शीळ सुरू झाली, किणकिणही.

मायलेकी खाली बसून दगड उतरवायला लागल्या. एकेक दगड उचलायचा आणि जिथून घेतला असेल तिथे नेऊन ठेवायचा. हॅटीला प्रत्येकाची जागा पाठ होती. टोपीचा दगड तिनं सगळ्यांत शेवटी उचलला. त्यावरची धूळ फुंकली, बोटानं पांढरा पट्टा पुसला. टेसानं बिल्ला तिच्या छातीवर लावला.

"आई," हॅटी दगडाकडे बघत म्हणाली. "काल रात्री मी आजोबांना याचं चित्र काढून दाखवलं होतं. म्हणजे जुनिपर, आणि तू, आणि ही टोपीवाली. ते म्हणाले टोपी फार छान झालीय. टोपीला लाल रंग तर त्यांनीच दिला."

टेसाचा हात बिल्ल्यावरच थांबला. पुढून शीळ येत होती, ओटिस तिच्या मानेवर गरम श्वास सोडत झोपला होता.

"मग आज त्यांनी तिला ओळखलं कसं नाही?" हॅटीनं विचारलं.