डाव्या बाजूची शीर

धाकटीच्या जन्मानंतर माझ्या ओटीपोटातली डावी शीर इतकी रुंद झाली, की तिच्यात कोणीतरी राहायला आलं. मी कराडला एका कापडदुकानात दिवसभर उभी असते. दुपारी तीनच्या सुमाराला आत चालणं सुरू व्हायचं, वरून खाली, जड पावलांनी. घरी येऊन मी आडवी झाले, की ती पावलंही थांबायची.

शीर वाढत गेली तसं घर आक्रसत गेलं. आषाढात मला स्वयंपाकघरात तिरकं होऊन शिरावं लागलं. दिवाळीपर्यंत पलंग बाहेर ओट्यावर गेला. माझा नवरा सदानंद म्हणाला, "सगळ्याच बायकांचं दुखतं. तू जागा फार घेतेस." तो वाईट माणूस नाही. ताट छातीशी धरून उभ्याने जेवत होता, कारण मांडायला जागा नव्हती.

तीन डॉक्टरांनी मला झोपवून सोनोग्राफी केली. मी झोपले की आतलं माणूसही निजायचं, त्यामुळे तिघांनाही काही दिसलं नाही. तिसरे म्हणाले, "गर्भपिशवी काढून टाका, प्रश्नच मिटेल."

माझ्या आईची काढली होती. ती वसतिगृहात उभ्याने पोळ्या लाटायची. पिशवी गेली, दुखणं राहिलं. अकरा वर्षांपूर्वी ते घेऊनच ती गेली.

डॉक्टर मृणाल पाध्यांनी मला उभं करून तपासलं.

"शीर फुगलीय," त्या म्हणाल्या. "आत कोणीतरी आहे."

"हो."

"पोट उघडायचं नाही. मानेच्या शिरेतून बारीक नळी खाली नेऊ, तारेची वेटोळी बसवून ही शीर बंद करू. रक्त दुसऱ्या शिरांतून जाईल. संध्याकाळी घरी."

"आणि आत आहे ते माणूस?"

त्यांनी संमतीचा कागद पुढे केला. "इथे सही."

मानेपुरती भूल होती, मी जागी होते. नळी हृदयाजवळून उतरली, मग एक जिना लागला, मग लांब बोळ. पडद्यावर बोळाच्या टोकाला आई उभी होती, हात कमरेवर. वयाने माझ्याएवढी.

"ओळखता?" डॉक्टरांनी विचारलं.

"आई आहे माझी. तिला बाहेर काढता येईल?"

"नळी दोन मिलिमीटरची आहे, हेमलताताई."

मी आईला हाक मारली. हाक खाली पोचायला वेळ लागला. तिने वर पाहिलं.

"हेमा, बसायला मिळतं का गं तुला?"

"नाही."

"मग घे बंद करून."

मग "लावा" असं ऐकू आलं. आवाज माझाच होता.

पहिलं वेटोळं उलगडलं, पण रक्ताच्या ओढीने घसरू लागलं. "सरकतंय," डॉक्टर म्हणाल्या. पडद्यावर आईने कमरेवरचा हात काढला, दोन्ही तळव्यांनी ते वेटोळं आतून दाबून धरलं, आणि तशीच उभी राहिली.