बसून घेतलेलं माप

कपडे शिवणाऱ्या मास्तरांचा एक नियम होता. पँट शिवली की गिऱ्हाइकाला नुसतं आरशासमोर उभं करायचं नाही, स्टुलावर बसवायचं. उभ्या माणसाला सगळंच बरोबर वाटतं, खरं काय ते बसल्यावर कळतं, असं ते म्हणत. पण स्वतःच्या गाडीची वेळ आली तेव्हा ही अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. शेजाऱ्याच्या गाडीचे रुंद टायर बघून यांनाही हौस आली. हे मूळ मापापेक्षा मोठे आहेत, घासतील, असं टायरवाल्यानं सांगून पाहिलं. मास्तरांनी रिकाम्या गाडीतून एक चक्कर मारली, कुठे आवाज नाही, आणि जुने टायर त्याच्याच दुकानात ठेवून ऐटीत घरी आले.

आवाज आला तो ताई बसल्यावर. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, आई गेल्यावर यांना लहानाचं मोठं करणारी. अंगानं चांगली भरलेली, आणि त्यावर दुसऱ्या कुणी बोलायच्या आत स्वतःच विनोद करून मोकळी होणारी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं काम मास्तरांकडे होतं. पाय लांब करता यावा म्हणून ती मागे, डाव्या बाजूला बसायची. पहिल्याच गतिरोधकावर तिच्याखाली घर्र झालं. दुसऱ्यावरही झालं. टायर घासतोय हे मास्तरांना लगेच कळलं, पण आपल्या हौसेचं हसं होईल म्हणून ते त्याबद्दल बोलले नाहीत. बोलले ते भलतंच.

"ताई, जरा मध्ये सरकून बसतेस का?"

ताई सरकली. विनोद मात्र केला नाही. दवाखाना येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली, आणि पुढच्या खेपेला तिचा निरोप आला की ती बसनं जाईल, मास्तरांनी दुकान सोडून येऊ नये.

मास्तरांनी फोन केले. ती गोड बोलायची, पोराबाळांची चौकशी करायची, आणि गाडीचा विषय निघाला की गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून फोन ठेवून द्यायची. कधी न रुसणारं माणूस रुसलं की त्याची समजूत कशी काढायची हेच कुणाला माहीत नसतं. दुखरा गुडघा घेऊन ती बसच्या पायऱ्या चढत असेल, या विचारानं मास्तरांचं कामातलं लक्ष उडालं. एका शर्टाला त्यांनी बाही उलटी जोडली, उसवली आणि पुन्हा उलटीच जोडली. शेवटी रस्ता ओलांडून समोरच्या टायरवाल्याकडे गेले. तो म्हणाला, रिकाम्या गाडीत काही कळणार नाही, मागे वजन ठेवा, मग कुठे घासतंय ते बघू.

मास्तरांनी दुकानातले सुटिंगचे जाडजूड तागे आणून मागच्या डाव्या सीटवर रचायला सुरुवात केली. एवढे पुरतील का, ताईचं वजन याहून जास्तच असेल, असा मनाशी अंदाज घेत त्यांनी आणखी एक तागा उचलला.

"हे काय चाललंय?" मागून ताईचा आवाज आला.

दवाखान्याला जाताना बस बदलायला ती समोरच्याच थांब्यावर उतरली होती. तिनं सीटकडे पाहिलं, रचलेल्या ताग्यांकडे पाहिलं. ती काही कालची पोर नव्हती, तिला सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा उतरला, आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं मास्तरांना झालं.

"झाले का माझ्याएवढे?" तिनं विचारलं.

"टायर घासतायत, ताई. मोठ्या मापाचे बसवले मी. हा टायरवाला नको म्हणत होता, तरी."

मागे दोन पोरं बसली तरी हे घासणारच, मापच चुकलंय, असं टायरवाल्यानंही सांगितलं.

"मग त्या दिवशी का नाही बोललास?"

"लाज वाटली."

"मला वाटलं, माझी वाटली."

ताईनं पिशवी मास्तरांच्या हातात दिली आणि म्हणाली, "काढ ते तागे. माप घ्यायचं तर माणसाचं घ्यावं."

ती आपल्या नेहमीच्या जागी बसली. टायरवाला रस्त्याकडेला उकिडवा बसला आणि मास्तरांनी गाडी गतिरोधकावरून नेली. घर्र झालं. मास्तरांनी मान खाली घातली. "पुन्हा ने, त्याला नीट दिसू दे," ताई मागून म्हणाली. दुसऱ्या फेरीनंतर टायरवाल्यानं चाकावरच्या पत्र्याची घासून चकचकीत झालेली कड दाखवली आणि सांगून टाकलं, जुन्या मापाचेच टायर घाला, दुसरा इलाज नाही. मास्तर एका शब्दानं तयार झाले.

जॅक लावायचा तर ताईंना उतरावं लागेल, हे सांगताना टायरवाला जरा चाचरला. मास्तर वळसा घालून गेले, दार उघडलं आणि हात पुढे केला. ऑपरेशन झाल्यापासून ती कुणाचा आधार घेत नसे. आपलं ओझं दुसऱ्याला कशाला, म्हणून दाराची कड धरून, ओठ आवळून एकटीच उतरायची. या वेळी तिनं भावाचा हात धरला आणि सगळा भार त्याच्यावर टाकून सावकाश खाली उतरली.